अपडेट नेमके अडते कुठे?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले, आणि त्याच्या स्थापनेचा छोटेखानी समारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पार पडला. राज्यातील नियोजित औद्योगिक वसाहतींच्या इतिहासात या परिसराला पहिलेपणाचा मान मिळाला तो त्यामुळेच. रोड नंबर सोळा, बावीस, अठ्ठावीस अशा नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या इथल्या रस्त्यांवर एकेकाळी लेथ, प्रेस आणि पॅकिंगचे गाळे ओळीने उभे होते. आज त्यांतील अनेक भूखंडांवर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आल्या आहेत, आणि लगतच्या किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या वस्त्यांमधील घरांत संगणकावर गेम खेळणारी पिढी वाढली आहे. या पिढीची सर्वांत नेहमीची तक्रार गेम हरण्याची नसून गेम सुरूच न होण्याची असते: अपडेट अर्ध्यावर थांबते, पडद्यावर एखादा अगम्य क्रमांक उमटतो, आणि ‘सगळे काढून पुन्हा टाका’ हा सल्ला कोणीतरी देतो. हा सल्ला बहुतेक वेळा महागात पडतो, आणि मूळ दोष शोधण्याची संधी त्यामुळे हातची जाते.

अपडेट म्हणजे इंटरनेटवरून एखादी फाइल उतरवून घेणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ते काम गाळ्यावर कच्चा माल उतरवून घेण्यासारखे टप्प्याटप्प्याने चालते: माल आला की तो आधी चलनाशी ताडायचा, गेज लावून तपासायचा, नाकारलेला परत पाठवायचा, उरलेला स्टोअरला जमा करून रजिस्टरात नोंद करायची आणि मगच यंत्रावर घ्यायचा. गेम पुरवणारा प्रोग्रॅम, ज्याला लाँचर म्हणतात, तोही प्रथम सर्व्हरकडून नव्या आवृत्तीची यादी मागवतो. या यादीला मॅनिफेस्ट असे नाव असून तीत प्रत्येक फाइलचे नाव, तिचा आकार आणि तिच्यातील तुकड्यांच्या खुणा नोंदलेल्या असतात. ही यादी संगणकावरील जुन्या यादीशी ताडून जे तुकडे बदलले आहेत तेवढेच मागवले जातात, आलेला प्रत्येक तुकडा तपासला जातो, जुने आणि नवे तुकडे जोडून नवी फाइल बांधली जाते, आणि सर्वांत शेवटी ‘ही आवृत्ती बसली’ अशी नोंद होते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर काम अडू शकते. परंतु पडद्यावर येणारा संदेश ज्या टप्प्यावर दोष उघडकीस आला त्याचे नाव सांगतो, ज्या टप्प्यावर तो निर्माण झाला त्याचे सांगेलच असे नाही. अपडेटच्या बिघाडांबद्दलचा बहुतेक सगळा गोंधळ या एका फरकातून उद्भवतो.

तुकड्याची खूण ही या यंत्रणेतील कळीची गोष्ट आहे. वाल्व्ह या अमेरिकन कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम हा लाँचर सुरू केला, तोही मुळात आपल्या गेमच्या सुधारित आवृत्त्या सर्व खेळाडूंपर्यंत एकाच वेळी पोहोचाव्यात म्हणून. दुकान म्हणून त्याची ख्याती नंतरची. त्याच्या आजच्या वितरणपद्धतीत प्रत्येक फाइलचे साधारण एक मेगाबाइटचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्यातील मजकुरावर गणिती प्रक्रिया करून त्याची खूण काढली जाते. अशा खुणेला हॅश म्हणतात. एसएचए-१ या पद्धतीने काढलेली खूण १६० बिटांची, म्हणजे सोळाच्या पायाने लिहिल्यास ४० चिन्हांची असते, आणि मूळ मजकुरातील एखादा बिट जरी बदलला तरी ती संपूर्ण निराळी येते. तुकडा उतरला की संगणक स्वतः त्याची खूण काढतो आणि मॅनिफेस्टमधील खुणेशी ताडून पाहतो. जुळली नाही तर तो तुकडा टाकून देऊन पुन्हा मागवला जातो. वाटेत थोडीफार गडबड झाली तर ती अशी आपोआप निस्तरली जाते आणि खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. ‘करप्ट अपडेट फाइल्स’ हा संदेश दिसतो तेव्हा तुकडा पुन्हा पुन्हा मागवूनही खूण जुळलेली नसते, आणि म्हणून अशा वेळी एकट्या इंटरनेटला दोष देऊन भागत नाही.

याच रचनेमुळे आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती म्हणजे अपडेट दोन गिगाबाइटचे असूनही साठ गिगाबाइट मोकळी जागा मागितली जाते, आणि डाउनलोडचा आलेख शून्यावर येऊन काम गोठल्यासारखे दिसते. आधुनिक गेम आपली चित्रे, ध्वनी आणि नकाशे सुट्या फाइलींत न ठेवता काही मोजक्या अवाढव्य फाइलींत बांधून ठेवतात. अशा बांधलेल्या फाइलीच्या मधोमध थोडासाच बदल झाला, तरी स्टीमसारखा लाँचर जुन्या फाइलीला हात न लावता तिच्या शेजारी संपूर्ण नवी फाइल रचतो, न बदललेले तुकडे जुन्या प्रतीतून उचलतो, बदललेले नव्याने उतरवलेल्यांतून घेतो, आणि नवी प्रत पूर्ण झाल्यावरच जुनी पुसतो. पद्धत सुरक्षित आहे, कारण मध्येच काही बिघडले तरी जुनी प्रत शाबूत राहते. मात्र तेवढ्या काळापुरती दोन्ही प्रतींना जागा लागते आणि डिस्कला साठ गिगाबाइट वाचून पुन्हा साठ गिगाबाइट लिहावे लागतात. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवर या कामाला अर्धा तास लागणे मुळीच असाधारण नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आकडा शून्य आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांजवळ दिसत असेल तर काहीही बिघडलेले नसते, काम चालू असते. आणि नेमक्या याच वेळी कंटाळून संगणक बंद करणारा खेळाडू नसलेला बिघाड स्वतःच्या हाताने ओढवून घेतो.

पडद्यावर उमटणारे क्रमांक दिसतात तितके अगम्य नसतात. विंडोजच्या पुष्कळशा संदेशांत शून्य आणि एक्स या चिन्हांनंतर ८००७ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक येतो. त्यातील पहिले चार अंक ‘हा विंडोजच्या मूळ यादीतला दोष आहे’ एवढेच सांगतात आणि खरा निरोप शेवटच्या चार अंकांत असतो. हे अंक सोळाच्या पायाने लिहिलेले असल्याने ८००७००७० या क्रमांकातील शेवटच्या ००७०चा अर्थ सत्तर असा होत नाही, तर सात गुणिले सोळा म्हणजे ११२ असा होतो, आणि विंडोजच्या यादीत ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७०००५ म्हणजे दोष क्रमांक ५, परवानगी नाकारली. ८००७००२० म्हणजे ३२, फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे. ८००७०४२२ म्हणजे १०५८, लागणारी सेवाच बंद करून ठेवली आहे. हा शेवटचा क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घेतलेल्या गेममध्ये आणि खुद्द विंडोजच्या अपडेटमध्ये दिसतो, आणि त्याचे एक कारण असे की विंडोजची चोरीची प्रत चालवण्यासाठी वापरलेली काही साधने अपडेटची सेवा मुद्दाम बंद पाडून ठेवतात. परवान्याशिवायची प्रणाली टाकून विकलेला स्वस्त जुना संगणक घेणाऱ्याला ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो.

परवानगी आणि पकड यांचे दोष स्टीमच्या भाषेत ‘मिसिंग फाइल प्रिव्हिलेजेस’ आणि ‘कंटेंट फाइल लॉक्ड’ अशा शब्दांत येतात. पहिल्याचा अर्थ असा की ज्या फोल्डरमध्ये गेम आहे तिथे लिहिण्याचा अधिकार लाँचरला मिळालेला नाही. दुसऱ्याचा असा की अधिकार आहे, पण ती फाइल या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात आहे. हा दुसरा कोण, याची उत्तरे बहुधा दोनच असतात. एक तर खिडकी बंद करूनही पाठीमागे चालू राहिलेला गेम किंवा त्याचा चोरखेळरोधक प्रोग्रॅम, जो टास्क मॅनेजरमध्ये सापडतो आणि संगणक पुन्हा सुरू केला की सुटतो. नाही तर नवी फाइल दिसताच ती तपासायला घेणारा अँटिव्हायरस. विंडोजमध्ये २०१७च्या उत्तरार्धापासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आहे, ती चालू असल्यास डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू दिले जात नाही, आणि गेमचे जतन केलेले खेळ पुष्कळदा तिथेच ठेवलेले असतात. यावर संपूर्ण अँटिव्हायरस बंद करणे हा उपाय सरसकट सांगितला जातो, तो योग्य नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असो, पुण्यात जन्मलेले क्विक हील असो वा दुसरे कोणतेही उत्पादन, प्रत्येकात ठरावीक फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोय असते, आणि गेमच्या लायब्ररीपुरती ती वापरली की काम भागते.

मराठी घरांत एक अडचण विशेष जाणवते, आणि परदेशी मदत-पानांवर तिचा उल्लेख अभावानेच आढळतो. विंडोजवर स्थानिक खाते उघडताना जे नाव दिले जाते त्याच नावाचे फोल्डर संगणकावर तयार होते, आणि ते नाव देवनागरीत दिले असेल तर फोल्डरही देवनागरीच होते. विंडोज स्वतः युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणारी पद्धत, उत्तम रीतीने जाणते. पण काही गेम, त्यांचे इन्स्टॉलर आणि जोडप्रोग्रॅम अजूनही फाइलीचा पत्ता केवळ रोमन लिपीतच असणार असे गृहीत धरून लिहिलेले असतात, आणि तात्पुरत्या फाइली ठेवण्यासाठी ते वापरकर्त्याच्याच फोल्डरकडे वळतात. त्यांना पत्ता वाचता येत नाही, आणि संदेश मात्र ‘फाइल सापडली नाही’ असा येतो. सेटिंगमध्ये खात्याचे दर्शनी नाव बदलून उपयोग होत नाही, कारण फोल्डरचे नाव पहिलेच राहते. रोमन अक्षरांत नवे खाते उघडणे हाच त्यातला सोपा मार्ग. मराठी माणसाने आपल्या संगणकाला मराठीत हाक मारली म्हणून गेम अडावा यात दोष गेमच्या कर्त्यांचा आहे हे स्पष्टच आहे, तरी भोगावे लागते ते खेळणाऱ्याला.

विजेचा प्रश्न याहून मोठा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास महापारेषणच्या कळवा-पडघे ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांवरील बिघाडातून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा फार मोठा भाग अंधारात गेला. लोकल थांबल्या, आणि करोनाकाळात घरून चालणारी कामे व ऑनलाइन वर्ग एका क्षणात तुटले. त्या क्षणी ज्या संगणकांवर कोणतेही अपडेट चालू होते, त्यांच्यावर काय ओढवू शकते हे समजून घेण्यासाठी लिहिण्याची क्रिया पाहावी लागते. एखादा प्रोग्रॅम फाइल लिहितो तेव्हा तो मजकूर तत्काळ डिस्कवर उतरत नाही. वेग राखण्यासाठी विंडोज तो काही काळ स्मृतीत, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये, साठवून ठेवते आणि सवडीने डिस्कवर पाठवते. विंडोजची एनटीएफएस ही फाइलपद्धती आपल्या कामांची रोजनिशी ठेवते आणि अशा आघातानंतर स्वतःला सावरते, परंतु ती रोजनिशी फाइलीचे नाव, आकार आणि जागा यांची असते, तिच्या आतील मजकुराची नव्हे. परिणामी वीज परतल्यावर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर असतो, आणि आतला काही भाग मात्र निव्वळ शून्यांनी भरलेला निघतो. गेम सुरू होताना किंवा तासाभराच्या खेळानंतर एखाद्या विशिष्ट नकाशावर पोहोचताच कोसळतो, आणि वीज जाण्याशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

इथे उपयोगी पडते ती फाइलींची फेरतपासणी. स्टीममध्ये ती ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स’ या नावाने गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये मिळते, एपिकमध्ये ‘व्हेरिफाय’, तर बॅटल डॉट नेटमध्ये ‘स्कॅन अँड रिपेअर’ म्हणून. डिस्कवरील प्रत्येक फाइल पुन्हा वाचून तिची खूण काढली जाते आणि जिथे जुळत नाही तेवढाच भाग नव्याने मागवला जातो. शंभर गिगाबाइटच्या गेममध्ये अनेकदा काही मेगाबाइटांवरच काम निभावते. तपासणीनंतर एखादी-दुसरी फाइल जुळली नाही असा निरोप दरवेळी आला, तरी त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते, कारण काही गेम खेळाडूच्या पसंतीच्या नोंदी स्वतःच्या फाइलींतच लिहितात आणि त्या मूळ प्रतीशी जुळत नाहीत हे स्वाभाविकच आहे. तपासणीच अर्ध्यावर अडत असेल तर मात्र डिस्कच्या पृष्ठभागाविषयी शंका घ्यावी, विंडोजची चेकडिस्क ही आज्ञा चालवावी, आणि त्याआधी घरातील छायाचित्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. महावितरण देखभालीसाठी आगाऊ कळवून वीज बंद ठेवते, तो दिवस टाळणे सोपे आहे; अवचित जाणाऱ्या विजेसाठी यूपीएस हवा, आणि संगणकाबरोबर राउटरही त्यावर जोडलेला हवा, नाही तर संगणक जागा राहतो आणि जोडणी तुटते.

जोडणीच्या बाबतीत पहिला गैरसमज एककाचा असतो. स्थानिक केबलचालक असो वा मोठी कंपनी, वेग विकला जातो तो मेगाबिटमध्ये आणि फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये, व एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात आणि ५० गिगाबाइटच्या गेमला सर्व काही सुरळीत असतानाही तासाहून अधिक वेळ लागतो. खरा दोष आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे काही मिनिटांपुरता संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहणे. अडलेले अपडेट तिथे पुढे सरकू लागले तर गेम, डिस्क आणि विंडोज हे तिन्ही निर्दोष ठरतात आणि चौकशी पुरवठादाराकडे वळते. मोबाइलचा डेटा संपण्याआधी ही कसोटी आवरती घ्यावी, हे सांगायला नको. पुरवठादाराच्या बाजूला डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी निर्देशिका, मंद किंवा चुकीची असू शकते, किंवा ज्या साठवण-सर्व्हरवरून तुकडे येतात तो एखादाच सर्व्हर बिघडलेला असू शकतो. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचे क्षेत्र बदलता येते. मुंबईऐवजी दुसरे एखादे शहर किंवा सिंगापूर निवडले की तुकडे वेगळ्या सर्व्हरवरून येऊ लागतात, आणि अंतर वाढूनही काम पुढे सरकते. स्टीमची साप्ताहिक देखभाल अमेरिकेतील मंगळवारी दुपारी होते, म्हणजे भारतात बुधवारी पहाटे. रात्रभर अपडेट लावून झोपणाऱ्याला त्या पहाटे जो संदेश मिळतो त्यावर थोडा वेळ थांबणे हाच इलाज असतो.

कधी कधी जोडणी धडधाकट असूनही प्रत्येक सर्व्हर नकार देतो, आणि कारण निघते घड्याळ. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते वैध आहे याची तारीख असते, आणि संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल तर ते प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेले वाटते. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवते. रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्या घरांतली शिस्त विजेच्या बिलासाठी चांगली असली, तरी तेवढा काळ घड्याळाचा सगळा भार या बॅटरीवर पडतो आणि ती लवकर संपते. बॅटरी घड्याळजीच्या दुकानातही मिळते.

बिघाडांच्या सर्व प्रकारांत अधिक विचार करायला लावणारा प्रकार म्हणजे संगणकाने स्वतःच चुकीची आकडेमोड करणे. उतरलेले तुकडे दाबून लहान केलेले असतात आणि ते उलगडताना प्रोसेसर आणि रॅम या दोघांवर मोठा ताण येतो. रॅमची एखादी पेशी सदोष असेल, किंवा एक्सएमपी नावाच्या वाढीव वेगाच्या सेटिंगवर ती पूर्णपणे स्थिर नसेल, तर बरोबर उतरलेला तुकडाही उलगडताना बिघडतो आणि खूण जुळत नाही. हा दोष ओळखण्याची एक खूण अशी: प्रत्येक वेळी त्याच फाइलीवर काम अडत असेल तर संशय डिस्क, अँटिव्हायरस किंवा सर्व्हरवर घ्यावा, प्रत्येक वेळी निराळ्याच फाइलीवर अडत असेल तर रॅम आणि प्रोसेसरवर. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक हे साधन त्यासाठी संगणकातच उपलब्ध असते आणि एक्सएमपी तात्पुरते बंद करून पाहायला पैसे लागत नाहीत.

या प्रकाराचे मोठे उदाहरण अलीकडेच घडले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम सुरू होताना किंवा त्यांच्या फाइली उलगडताना दोष येऊ लागले, आणि पुष्कळ ठिकाणी संदेश उमटला तो ग्राफिक्स कार्डची स्मृती अपुरी असल्याचा. लोकांनी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकले, गेमच्या कर्त्यांना बोल लावले. डेटा उलगडण्याची ऊडल ही प्रणाली बनवणाऱ्या चमूने मात्र दोष आपल्या प्रणालीत नसून प्रोसेसरच्या अस्थिरतेत असल्याकडे बोट दाखवले. जुलै २०२४मध्ये इंटेलने प्रोसेसर गरजेहून जास्त व्होल्टेज मागत असल्याचे मान्य केले, ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनासंचाची, सुधारणा मदरबोर्डच्या बायोसमार्फत उपलब्ध होऊ लागली, आणि बाधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. आधीच झिजलेला प्रोसेसर या सुधारणेने पूर्ववत होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे या पिढीचा प्रोसेसर आहे त्यांनी बायोसची आवृत्ती पाहणे अगत्याचे आहे. मात्र बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसशिवाय करू नये.

दोष खेळणाऱ्याच्या बाजूला मुळीच नसण्याचीही उदाहरणे आहेत. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम डिसेंबर २०२०मध्ये आला, तेव्हा संगणकावरील त्याच्या जतन केलेल्या खेळाची फाइल ८ मेगाबाइटच्या पुढे गेली की बिघडत असे. त्याच महिन्यातील १.०६ या सुधारणेने ही मर्यादा काढली, पण आधीच बिघडलेल्या फाइली तिने दुरुस्त झाल्या नाहीत. त्याआधी, मुंबई-ठाण्याची वीज गेली त्याच आठवड्यात, १५ ऑक्टोबर २०२० रोजी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ संगणकावर प्रकाशित झाला. अशा लहान चमूला हजारो तऱ्हांच्या संगणकांवर प्रत्येक सुधारणा आधी चालवून पाहणे शक्य नसते, आणि म्हणून प्रकाशनानंतरचे पहिले काही आठवडे सुधारणा येत राहणे हे गेम वाईट असल्याचे लक्षण नव्हे. सुधारणेनेच गेम बिघडला असेल तर स्टीममधील बीटा या विभागात कर्त्यांनी जुनी आवृत्ती ठेवली आहे का ते पाहता येते, आणि खेळाडूंनी बनवलेले जोडबदल, म्हणजे मॉड, बसवलेले असतील तर आधी ते काढून पाहावे लागते, कारण मूळ गेम पुढे जातो आणि मॉड मागे राहतात.

जुन्या संगणकांचा प्रश्न निराळा आहे. स्टीमने १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७, ८ आणि ८.१चा आधार काढून घेतला, आणि मायक्रोसॉफ्टचा विंडोज १०साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्यालयांतून बाद होऊन दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या संगणकांपैकी बरेच विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत, आणि तिथे येणाऱ्या अपडेटच्या अडचणीला दुरुस्ती असे काही नसते.

उपायांचा क्रम ठरवताना एकच पथ्य महत्त्वाचे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. संगणक आणि राउटर पुन्हा सुरू करणे, मोकळी जागा पाहणे, तारीख पाहणे, सर्व्हरची स्थिती पाहणे, हे सगळे पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि यात काहीही गमवावे लागत नाही. त्यानंतर डाउनलोडची साठवण साफ करणे, क्षेत्र बदलणे, फाइलींची फेरतपासणी. आणि त्यानंतरच डिस्क व रॅम. पाच उपाय एकदम केले आणि काम झाले, तर नेमके कशाने झाले हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण आली की पुन्हा पाचही करावे लागतात. व्हिडिओंमधून सांगितल्या जाणाऱ्या काही उपायांपासून मात्र दूर राहावे. हरवलेली डीएलएल फाइल, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना सामाईक लागणारा सूचनासंच, अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून विंडोजच्या फोल्डरात ठेवणे, रजिस्ट्री ‘साफ’ करणारी फुकट साधने चालवणे, किंवा चोरीच्या गेमसाठी कोणीतरी बनवलेली ‘अपडेट’ बसवणे, यांतून गेम सुरू होईल की नाही हे अनिश्चित असते आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घरात येण्याचा धोका खरा असतो. गेमला लागणारे मायक्रोसॉफ्टचे सामाईक संच मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर विनामूल्य असतात.

एवढे करूनही अडचण सुटली नाही तर कंपनीच्या साहाय्यकक्षाला लिहावे, आणि ‘गेम चालत नाही’ एवढेच न लिहिता संदेशाचे नेमके शब्द, क्रमांक, काम किती टक्क्यांवर अडते आणि कोणते उपाय करून झाले ते क्रमाने लिहावे. लाँचर आपल्या प्रत्येक कृतीची नोंद लॉग नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवत असतो. स्टीमच्या फोल्डरातील लॉग्स या उपफोल्डरात कंटेंट लॉग नावाची फाइल असते आणि कोणता तुकडा, कोणती फाइल, कोणत्या क्षणी नाकारली गेली हे तीत वेळेसह सापडते. लाँचर काढून टाकला की ही नोंदही जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी तिची प्रत घ्यावी. आणि शेवटी गेम काढून पुन्हा टाकण्याची वेळ आलीच, तर जतन केलेले खेळ कुठे आहेत हे त्याआधी पाहावे: काही गेम ते कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात, काही डॉक्युमेंट्समध्ये, काही वापरकर्त्याच्या लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात, आणि काही गेमच्या स्वतःच्याच फोल्डरात, जो अनइन्स्टॉलच्या वेळी पुसला जाऊ शकतो.